खालच्या रांगेतला फोटो

परवा फोनवर मोठीने विचारलं, "आजी, तू कधी कुणाला जाहीर पाठिंबा दिलास का?" तुमच्याकडे अमेरिकेत सध्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस चालू आहे. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे तिथे आधी मतदारच ठरवतात. त्याच्याही आधी नट, खेळाडू, महापौर, शेजारीपाजारी, जो तो आपण कुणाच्या बाजूने आहोत हे जाहीर करत सुटतो. तुमच्या शेजाऱ्यांनी अंगणातल्या गवतात तशी पाटीही रोवली आहे म्हणे. धाकट्याला ती मांजर हरवल्याची पाटी वाटली.

मी "नाही" म्हणाले आणि तुमच्या जेवणाचं विचारलं. ते उत्तर अपुरं होतं. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी मुलींचं अपुरं उत्तर कधी चालवून घेतलं नाही, तेव्हा आपलंही चालवून घेणं बरं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

आधी इथली पद्धत सांगते. आमच्याकडे उमेदवार मतदार ठरवत नाहीत, मुंबईहून नावं येतात. ती येईपर्यंत वॉर्डातली हौशी माणसं 'इच्छुक' असतात. एकाच पक्षाचे दोन-दोन, तीन-तीन इच्छुक. आपल्यामागे माणसं आहेत हे त्यांना पक्षाला दाखवायचं असतं, आणि ते चौकात दाखवावं लागतं. प्लास्टिकच्या कापडावर छापलेले मोठाले फलक तुम्ही आलात तेव्हा पाहिले आहेत. इथे त्याला नुसतं 'डिजिटल' म्हणतात. "डिजिटल लावलं काय?" "लावलं की, दोन्ही चौकांत!"

या डिजिटलला एक शिस्त असते. मध्ये इच्छुक, हात जोडून, सगळ्यांत मोठा. वरच्या रांगेत गेलेली माणसं, त्यांचे आशीर्वाद. खालच्या रांगेत जिवंत माणसं, लहान लहान चौकोनांत, खाली नाव आणि हुद्दा. त्यांचा जाहीर पाठिंबा. वर गेलेले, खाली असलेले. इतकी वर्षं राजारामपुरीत राहूनही ही शिस्त माझ्या लक्षात आली नव्हती. आपल्या घरातला माणूस त्यात जाईपर्यंत येतही नाही.

तुमचे आजोबा गणिताचे शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. आपल्या भागातल्या अर्ध्याअधिक घरांतलं कुणी ना कुणी त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे प्रत्येक निवडणुकीला कुणीतरी दाराशी येई. "सर, तुमचं नुसतं नाव घालतो." आजोबा त्याला बसवत, मुलांची चौकशी करत, चहा पाजून परत पाठवत. नाव कधी कुणाला दिलं नाही. त्यांच्या लहानपणी आजऱ्यात त्यांच्या वडिलांनी देवळासमोरच्या सभेत उभं राहून कुणालातरी पाठिंबा जाहीर केला होता. त्यानंतर सख्ख्या चुलत्याने त्यांच्या घरचं पाणी घेणं सोडलं, ते शेवटपर्यंत. एवढंच मला एकदा सांगितलं होतं. गप्प राहण्याचं कारण तेच होतं की त्यांचा स्वभावच तसा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मतदानाला आम्ही तिघं मिळून जायचो. आजोबा, मी आणि तुम्ही ज्यांना 'एसटीवाले आजोबा' म्हणता ते. आजोबांचे जुने मित्र, मूळचे गारगोटीकडचे, एसटीत आयुष्य गेलं. गाडीच्या इंजिनावर आवाज चढवायची सवय, निवृत्त झाल्यावरही तो खाली आला नाही. केंद्रातून बाहेर पडलं की ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून विचारायचे, "काय सर, कुणाला दिलासा?"

आजोबा म्हणायचे, "चहा घेऊया का?"

"बघा! न्हाईच सांगायचे. अवो, बायकोला तरी सांगतासा का न्हाय?"

यावर आजोबा माझ्याकडे बघून हसायचे, आणि मीही हसायचे. त्यामुळे सगळ्यांची समजूत होती की मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. संसाराच्या सुरुवातीला एकदोनदा विचारलं होतं. तेव्हा मलाही चहाच विचारला होता.

आजोबा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. शेवटचे महिने ऑक्सिजनचं मशीन खोलीत होतं. त्याचा आवाज आणि त्यांच्या श्वासाचा आवाज यांची मला इतकी सवय झाली होती, की घर शांत झाल्यावर झोप येईना.

वर्षश्राद्धाला चौकात दोन डिजिटल लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' एक आपल्या मागच्या गल्लीतल्या मुलीने लावलेलं. मुलगी म्हणते, पण ती आता वकील आहे, तिला एक लेकही आहे. आजोबांची लाडकी विद्यार्थिनी. दुसरं माजी नगरसेवकांचं. तेही आजोबांचेच विद्यार्थी, आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात येऊन बसणारे. दोघंही एकाच पक्षाचे इच्छुक. फोटो मीच दिला होता, तुम्ही दिवाळीला आला होतात तेव्हा गॅलरीत काढलेला. दोन्हीकडे त्यावर झेंडूचा हार चढवला होता, बाजूला समई. मी हात जोडले आणि घरी आले. दोन्ही फलक आठवड्याभरात उतरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ही गोष्ट घडली.

सकाळी चहा घेऊन मी गॅलरीत बसते. दोन्ही खुर्च्या अजून तिथेच आहेत. आपल्या गॅलरीच्या समोर, पूर्वेला, चौक आहे. चौकाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर रात्रीतून एक नवं डिजिटल उभं राहिलं होतं. त्याचं तोंड चौकाकडे, पाठ आपल्याकडे. मला नुसतं पांढरं कापड आणि मागचे बांबू दिसत होते. मी पेपर उघडला.

ऊन चढायला लागलं. ते पलीकडून त्या कापडावर पडलं आणि कोऱ्या पाठीवर माणसं उमटायला लागली. आधी मधला मोठा आकार. मग उलटी अक्षरं. मग खालची रांग. त्या रांगेत, आपल्या गॅलरीच्या अगदी समोर, तुमचे आजोबा होते.

भांग उलट्या बाजूला. दाढी करताना आरशात दिसायचे तसे. जन्मभर रोज सकाळी मी त्यांना असंच तर पाहिलं होतं, मागे उभी राहून, आरशात. वारा आला की कापड भरायचं आणि त्यांची छाती वर यायची, वारा पडला की खाली जायची. शेवटच्या महिन्यांत यायची त्यापेक्षा कितीतरी सहज. माझा चहा गार झाला. ऊन डोक्यावर गेलं तसे ते फिके होत गेले आणि पाठ पुन्हा कोरी झाली.

मी साडी बदलून खाली उतरले आणि चौकात समोरून पाहिलं. मध्ये ती वकील मुलगी, हात जोडून. वरच्या रांगेत तिचे वडील आणि थोर माणसं. खालच्या रांगेत एक डॉक्टर, एक देवळाचे विश्वस्त आणि त्यांच्या मधोमध आजोबा, 'निवृत्त मुख्याध्यापक'. हार काढून टाकलेला. काढणाऱ्याकडून कॉलरजवळ झेंडूचा एक केशरी ठिपका राहून गेला होता. वर ठळक अक्षरांत, 'आमचा जाहीर पाठिंबा'.

हार निघाल्यामुळे त्याच्याखाली झाकलेलं आणखी एक बाहेर आलं होतं. आजोबांच्या खांद्यावर बोटं. मागे हात नाही, मनगट नाही, नुसती बोटं, जांभळं नेलपॉलिश लावलेली. मोठ्ये, ती तुझी. फोटो काढताना तू त्यांच्या शेजारी उभी होतीस. तुला कापून टाकलं आणि बोटं राहिली.

कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणारी बाई माझ्याकडे बघत होती. "आज्जी, सर लई झ्याक दिसत्यात की."

"हो."

"त्यो हात कुणाचा ओ?"

"माझ्या नातीचा. अमेरिकेत असते."

"आगं बया! मग अमेरिकेचाबी पाठिंबा हाय म्हणायचा!" ती खळखळून हसली. मग बहुतेक तिच्या लक्षात आलं. तिने पदर सावरला आणि न मागता माझ्या पिशवीत कोथिंबीर घातली.

घरी आले तर दारात एसटीवाले उभे. गेल्या वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलं आहे. सून त्यांना एकटं सोडत नाही, पण ते निसटतात. आजोबांना खांदा देणाऱ्यांत ते होते, हे तुम्हाला सांगून ठेवते.

"सर हायेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बसा ना, भाऊजी."

ते सोफ्यावर दाराकडे तोंड करून बसले, दोन्ही हात काठीवर. "वहिनी, बघितलासा काय डिजिटल? इतकी वर्सं मी इचारतोय. मला कधी सांगितलं न्हाय. आणि आता चौकात! रस्त्याला सांगितलं, मला न्हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी वाईट माणूस हाय का ओ? कुणाला जाऊन सांगितलं असतं का मी?"

मी चहा टाकायला आत गेले. तिथे ओट्याशी उभी असताना माझ्या लक्षात आलं की मलाही हेच वाटत होतं. ही चूक आहे, गेलेला माणूस पाठिंबा देत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सकाळपासून मनात एकच चाललं होतं. रस्त्याला सांगितलं, मला नाही.

संध्याकाळी ती वकील मुलगी आली. चप्पल काढतानाच रडवेली झाली होती. "काकू, माझं चुकलं. म्हणजे तालमीतल्या पोरांचं. मी त्यांना सांगितलं, सरांचा फोटो आशीर्वादात घ्या. त्यांनी खाली टाकला. डिजिटलवाल्याकडे फोटो होताच, हार काढला आणि..."

"हार का काढला?"

"खालच्या रांगेत हार घातलेला फोटो कसा चालेल म्हणाले." हे बोलताना तिलाच ते कसंतरी वाटलं. "मी आज उतरवते काकू. फक्त एक आहे. गुरुवारी पक्षाच्या मुलाखती आहेत. मध्येच उतरवलं तर म्हणतील सरांच्या घरानं पाठिंबा काढून घेतला. पण तुम्ही म्हणाल तसं."

मी तिला विचारलं, "सर तुला कधी काही बोलले होते का?"

"नेहमी म्हणायचे की. 'पुढे हो, घाबरू नकोस.'"

आजोबा फळ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला 'पुढे हो' म्हणत. तरी मी ते वाक्य मनात दोनदा फिरवून बघितलं. कुणास ठाऊक, तिला म्हणताना त्यात आणखी काही असेल.

"मला विचार करू दे," मी तिला म्हणाले.

विचार करण्यासारखं खरं काही नव्हतं. मला आणखी एक सकाळ हवी होती.

ती मिळाली. तिच्यानंतरचीही मिळाली. मी चहा घेऊन बसायची, ऊन चढायचं, ते यायचे. दुसऱ्या सकाळी तर मी दोन कप घेऊन गेले आणि गॅलरीच्या उंबऱ्यातच थबकले. तिसऱ्या सकाळी मी त्यांना विचारलं. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. खरंच का? ही मुलगी? कापड भरलं, छाती वर आली, खाली गेली. मला त्यात होकार दिसला. मग वाऱ्याची दुसरी झुळूक आली आणि नकारही दिसला.

अशा रीतीने आपण कुठे चाललो आहोत ते मला कळत होतं. त्या माणसाने जन्मभर एकच गोष्ट स्वतःजवळ ठेवली होती. बाकी सगळं दिलं होतं, वेळ, पगार, शर्टाची बटणं लावण्याचं कामसुद्धा. ती एक गोष्ट आता खांबाला बांधून चौकात टांगली होती. आणि ती उतरवायला जिने सांगायचं ती मी, रोज सकाळी चहा घेऊन त्या कापडासमोर बसत होते.

त्याच दिवशी दुपारी माजी नगरसेवक आले. एसटीवाले सोफ्यावर होतेच. आता ते रोजच येत होते, सरांची वाट बघत. कार्यकर्त्याला दारात थांबवून माजी नगरसेवक एकटे आत आले, माझ्या पाया पडले.

"मॅडम, सरांची चौकात विटंबना चाललीय. आम्हाला बघवत न्हाय."

"चूक झाली आहे. ती मुलगी येऊन गेली."

"चूक कसली? मेलेल्या माणसाला उभं केलंय की." मग आवाज मऊ करून म्हणाले, "सर मला दवाखान्यात म्हणालेले, 'तू उभा राहा.' तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेलता."

हे शक्य होतं. आजोबांनी बसलेल्या माणसाला, पंख्याचं बटण दाबायला, जरा उभा राहा म्हटलेलंही शक्य होतं. आता सांगणारं कुणी नव्हतं.

त्यांनी मोबाईल काढला. "जास्त न्हाय, एकच वाक्य बोला. 'माझ्या यजमानांचा या उमेदवाराला पाठिंबा नव्हता.' बास. पुढचं काय बोलायचं ते आमचं आम्ही बघतो."

"तो नव्हता हे मला कसं माहीत?"

ते हसले. "मॅडम, तुम्हाला न्हाय तर कुणाला?"

म्हणजे मी गप्प बसले तर तो चौकातला फोटो आजोबांचा शब्द ठरणार होता. 'नव्हता' म्हणाले तर माझा शब्द आजोबांचा ठरणार होता, आणि समोरच्या माणसाच्या खालच्या रांगेत आणखी एक चौकोन भरणार होता. मी पदर नीट केला. शिकवायला उभी राहायचे तशी उभी राहिले, कारण बसून माझा आवाज नीट लागत नाही.

"सुरू केलंत?" मी विचारलं.

"केलं, केलं. बोला."

"माझे यजमान वारले आहेत. गेलेल्या माणसाला मत नसतं, पाठिंबाही नसतो. जिवंतपणी ते कुणाला मत देत होते हे त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. मला ते माहीत नाही. मला माहीत आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. तो फोटो मी उतरवायला सांगणार आहे."

माजी नगरसेवकांनी मोबाईल खाली घेतला. त्यांचा चेहरा पडला होता, पण संतापलेला नव्हता. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर मुलाचा होतो तसा झाला होता. "तुम्हालाबी न्हाय?" ते म्हणाले.

"नाही."

इतकी वर्षं रस्त्यावर मी जे हसत आले होते ते मी माझ्याच हाताने पुसलं होतं, आणि तेही आजोबांच्या एका विद्यार्थ्यासमोर.

सोफ्यावरून आवाज आला. एसटीवाले माझ्याकडे वळून बघत होते. ते सगळं ऐकत होते हे आम्ही दोघं विसरलोच होतो. मी 'वारले' म्हटलेलंही त्यांनी ऐकलं असणार. मला भीती वाटली.

"वहिनी, म्हंजे तुम्हालाबी न्हाय सांगितलं?"

"नाही, भाऊजी."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "मग बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच तेवढं न्हाय." काठी टेकत ते उठले. दारात कार्यकर्त्याला म्हणाले, "सरक की रं पावण्या, वाट सोड." मग माझ्याकडे वळले. "येतो वहिनी. सर आले की सांगा, मी येऊन गेलो म्हणून. रागबिग न्हाय म्हणावं."

तो व्हिडिओ कुणीच कुठे टाकला नाही. कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

त्या मुलीला मी फोन केला. ती म्हणाली, "काकू, त्यांच्या फोटोवर दुसऱ्याचा चिकटवू का? एक निवृत्त इंजिनिअर तयार आहेत." पाठिंबा देणारा फिरला की असंच करतात, वर नवा चेहरा डकवतात. आजोबा कुणातरी इंजिनिअरच्या तोंडाखाली राहिले असते. ऊन आलं की दोघंही एकदम उमटले असते.

"नको," मी म्हणाले. "तेवढा तुकडा काप आणि मला आणून दे."

तिने मुलाखतीच्या आधीच कापून घेतला आणि स्वतः घेऊन आली, गुंडाळून, वर दोरा बांधून. पाया पडली आणि गेली. तो तुकडा माळ्यावर आहे. तुम्ही याल तेव्हा खाली काढू. मोठ्ये, तुझी बोटं त्यावर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले. ऊन चढलं, मधला आकार उमटला, डॉक्टर उमटले, विश्वस्त उमटले. त्यांच्या मधल्या चौकोनी भोकातून ऊन सरळ आत आलं आणि माझ्या मांडीवर पडलं. ते ऊबदार होतं, आणि मला उठवेना.

भाजी घ्यायला गेले तर ती बाई म्हणाली, "आज्जी, सर गेले आणि तुम्ही आलासा काय डिजिटलमधे?"

"म्हणजे?"

"हितं या, माझ्यासंगं उभ्या ऱ्हावा." मी तिच्या शेजारी जाऊन पाहिलं. डॉक्टर आणि विश्वस्त यांच्या मधल्या भोकातून नेमकी आपली गॅलरी दिसत होती. दोन खुर्च्या, वाळत घातलेला टॉवेल. "सकाळी तुम्ही तितं बसलासा की खालच्या रांगेत बरोब्बर बसतासा. चहा पिताना सुदीक दिसतंय. मी म्हटलं, आता आज्जींचाबी पाठिंबा!"

घरी येऊन मी माझी खुर्ची डाव्या हाताला सरकवली, भिंतीपर्यंत. आजोबांची तिथेच राहू दिली. आचारसंहिता लागून महापालिकेची गाडी सगळे फलक उतरवून घेऊन जाईपर्यंत, रोज सकाळी उन्हाचा तो चौकोन त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसायचा आणि थोड्या वेळाने जायचा. मी भिंतीशी बसून बघत असे.

उमेदवारी दोघांनाही मिळाली नाही. ज्याचं एकही डिजिटल चौकात नव्हतं असा तिसराच माणूस निघाला.

मतदानाला या वेळी मी एकटी गेले. रांगेत माझ्या पुढे जागा सुटली की मी नकळत थांबायचे आणि मागची बाई म्हणायची, "सरका की पुढं." आत आजोबांना नेहमी माझ्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. यंत्रासमोर उभी राहिले तेव्हा मला वाटलं, ते शेजारच्या आडोशामागे असतील आणि अजून ठरवत असतील. मी मत दिलं आणि बाहेर आले.

फाटकाशी एसटीवाले उभे होते, सुनेचा हात धरून. मला बघून त्यांनी तो सोडवला आणि रस्त्याच्या मधोमध आले. आवाज तोच.

"काय वहिनी, कुणाला दिलासा?"

सून ओशाळली. "मामा, असं विचारायचं नसतं."

मी सांगणार होते. देवाशपथ, मी सांगणार होते. त्या माणसाने इतकी वर्षं विचारलं होतं, एकदा तरी कुणीतरी त्याला उत्तर द्यायला हवं होतं. मी तोंड उघडलं.

"चहा घेऊया का?" मी म्हणाले.

शब्द माझ्या तोंडून आले, पण चाल माझी नव्हती. शेवटी किंचित वर जाणारी, विचारणारी आणि दार लावणारी. मला स्वतःलाच ती मागून आल्यासारखी वाटली, आणि मी वळूनही पाहिलं.

एसटीवाले माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या बाजूला, मी नेहमी जिथे जागा सोडून चालते तिथे, बघत होते, आणि हसत होते.

"बघा," ते सुनेला म्हणाले. "दोघंबी सांगत न्हाईत."

चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं बसलो. सून पैसे द्यायला उठली तेव्हा गाडेवाल्याने विचारलं, किती चहा? एसटीवाल्यांनी सांगितलं, "चार." मी दुरुस्ती केली नाही. चौथा चहा आला, बाकावर माझ्या उजव्या हाताला ठेवला, आणि आम्ही तो गार होईपर्यंत बसून राहिलो.